यात्रिक आणि त्याचे घर
(धर्मानंद कोसंबी यांच्या ‘निवेदना’चे पुनर्वाचन)

मराठीत आत्मचरित्रांची वाण नाही. परंतु धर्मशोधनाची आत्मचरित्रे बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. एखाद्या प्रसंगी मन पालटले आणि माणूस एका उपासनामंदिरातून दुसऱ्यात गेला, एवढ्यावर ज्यांची कथा संपते ती येथे अभिप्रेत नाहीत. धर्माचा शोध हाच ज्याच्या आयुष्याचा व्यवसाय झाला, अशा माणसाने स्वतः लिहिलेली हकिगत शोधू गेल्यास हात आपोआप एका पुस्तकाकडे जातो. ते पुस्तक म्हणजे आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’. १९२४ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. पुढे त्यांची नात, समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबी, यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला, तेव्हा अभ्यासकांचे लक्ष त्याकडे पुन्हा वळले. सामान्य मराठी वाचकाच्या, त्यातही आपल्या ख्रिस्ती घरांतल्या वाचकाच्या कपाटात मात्र हे पुस्तक क्वचितच आढळते.

ते आढळावे असे वाटण्याची दोन कारणे आहेत. एक तर हा ग्रंथकार आपल्या शेजारचा आहे. ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी त्याचा जन्म झाला. ज्या गावावर चर्चच्या घंटेचा नाद शतकानुशतके पसरत आला, त्या गावातला हा हिंदू मुलगा. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. निरनिराळ्या धर्मांकडे आदराने पाहावे, हे आता आपल्याला प्रवचनातून आणि पुस्तकांतून पुष्कळदा सांगितले जाते. पण असा प्रवास खरोखर करणाऱ्या माणसाला तो केवढ्यास पडतो, आणि त्याच्याबरोबर आणखी कोणाकोणाला त्याची किंमत द्यावी लागते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. कुटुंब हेच ज्यांच्या श्रद्धेचे पहिले मंदिर आहे, त्या वाचकांनी ‘निवेदन’ वाचताना तो विचारलाच पाहिजे.

प्रथम या प्रवासाचा नकाशा पाहू. शालेय शिक्षण बेताचे, प्रकृती अशक्त, घरी नारळीच्या बागेचे काम, आणि पंधराव्या वर्षाच्या सुमारास लग्न. अशा स्थितीत या तरुणाला दोन गोष्टींनी वेड लावले. एक तुकोबांची गाथा आणि दुसरे मुलांसाठीच्या एका मराठी मासिकात वाचलेले बुद्धाचे छोटेसे चरित्र. तेवढ्या भांडवलावर १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली. तेथून ग्वाल्हेरमार्गे काशी. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृताचे अध्ययन. १९०२ मध्ये बौद्ध धर्म जिवंत सापडेल या आशेने नेपाळची वाट, आणि तेथे पदरी पडलेली निराशा. मग बुद्धगया, कलकत्ता, आणि महाबोधी सभेच्या साहाय्याने सिंहलद्वीप. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या चरणांशी बसून ते पाली शिकले आणि श्रामणेर झाले. पुढे ब्रह्मदेशात भिक्षुदीक्षा आणि ध्यानाभ्यास, उत्तर भारतातील बौद्ध तीर्थांची पायपीट, आणि १९०६ मध्ये भिक्षूचे चीवर उतरवून कलकत्त्यास पालीचे अध्यापन.

यापुढचा काळ विद्वानाचा आहे. कलकत्त्यातली चांगल्या पगाराची जागा सोडून त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे दरमहा ५० रुपयांचे वेतन पत्करले. कारण त्यांना महाराष्ट्रात काम करायचे होते. १९१० साली ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. हेन्री क्लार्क वॉरन या पंडिताच्या मृत्यूमुळे अपुरे राहिलेले बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाचे संपादन हे त्यांचे तेथील काम. ती आवृत्ती हार्वर्डकडून बाहेर पडली १९५० मध्ये, म्हणजे कोसंबींच्या निधनानंतर तीन वर्षांनी. १९१२ ते १९१८ ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवीत होते. चिं. वि. राजवाडे, ना. के. भागवत, पु. वि. बापट ही पुढे पाली विद्येत गाजलेली नावे त्यांच्या शिष्यपरंपरेतली. त्यानंतर पुन्हा अमेरिका, अहमदाबादचे गुजरात विद्यापीठ, १९२९ मध्ये रशियातील लेनिनग्राड, आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात कारावास.

‘निवेदन’ या साऱ्या प्रवासाचा पूर्वार्ध सांगते. पहिल्या अमेरिका-वारीच्या आगेमागे ते थांबते. या पुस्तकाचा पहिला आणि मोठा गुण म्हणजे त्यातला सांगण्याचा सरळपणा. धर्मविषयक आत्मकथनात एक मोह फार असतो. आपल्याला घडलेला प्रत्येक योगायोग ईश्वरी संकेत म्हणून सांगावा, आणि शेवटी जेथे पोहोचलो तेथे पोहोचणे पहिल्यापासून ठरलेलेच होते असे वाचकाला वाटायला लावावे. आपल्या मिशनरी वाङ्मयातील कित्येक ‘साक्षीं’ना या मोहाने निर्जीव केले आहे. कोसंबी त्याला बळी पडत नाहीत. त्यांच्या कथेत चमत्कार नाहीत, दृष्टान्त नाहीत, आकाशवाणी नाही. आहे ती आगगाडीच्या भाड्याची विवंचना, परक्या मुलुखातले आजारपण, भाषेची अडचण, सोबत्यांशी झालेले खटके आणि मनाची सततची चलबिचल. जेथे हिरमोड झाला तेथे हिरमोड झाला असेच ते लिहितात. नेपाळात अपेक्षाभंग झाला. तो ते लपवीत नाहीत, आणि त्याला ‘परीक्षा’ असे गोंडस नावही देत नाहीत. भाषा साधी, जवळजवळ हिशेबाच्या वहीसारखी. ती वाचताना वाटते, या माणसाला आपल्याला जिंकायचे नाही; काय घडले ते सांगून मोकळे व्हायचे आहे.

दुसरा गुण विचाराचा आहे. अनेक धर्मांतून फिरणारा माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे हल्ली दोन चित्रे येतात. एक, सर्व धर्म सारखेच म्हणून कोणत्याच धर्माचे ओझे न घेणारा. आणि दुसरा, प्रत्येक धर्मातले गोड तेवढे चाखून पुढे जाणारा. कोसंबी या दोन्हींहून वेगळे आहेत. त्यांनी एका वाटेवर पाऊल टाकले आणि त्या वाटेने जे मागितले ते दिले. बुद्धाला जाणायचे तर त्याच्या शिकवणीची भाषा हवी. ती शिकण्यासाठी आधी संस्कृत हवे. पुढे गुरू हवा. गुरू समुद्रापलीकडे असेल तर समुद्र ओलांडायला हवा. श्रद्धेने अभ्यासाला टाळले नाही आणि अभ्यासाने श्रद्धेला हसण्यावारी नेले नाही. उतारवयात जैन परंपरेकडे, गांधीजींच्या सत्याग्रहाकडे आणि समाजवादाकडे ते गेले, तेही बुद्धाला पाठ दाखवून नव्हे. स्वतःच्या घरात ज्याचे पाय घट्ट आहेत, त्यालाच शेजाऱ्याच्या घरात निर्भयपणे बसता येते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. आंतरधर्मीय सुसंवादाच्या नावाखाली आपण पुष्कळदा भिडस्तपणालाच सुसंवाद समजतो. ‘निवेदन’ त्यावरचा चांगला उतारा ठरेल.

इतके मान्य करून आता उणिवेकडे वळले पाहिजे. ती भाषेची नाही, माहितीची नाही. ती घराची आहे.

१८९९ साली कोसंबी निघाले तेव्हा मागे पत्नी बाळाबाई होत्या आणि माणिक ही तान्ही मुलगी होती. पुढची सुमारे सात वर्षे हा माणूस काशीत, कोलंबोत, रंगूनच्या बाजूला धर्म शोधीत होता. आणि त्या काळच्या गोव्यात नवरा परागंदा झालेली एक तरुण स्त्री लेकीला घेऊन दिवस काढीत होती. ‘निवेदना’त या स्त्रीला जी जागा मिळाली आहे ती फारच थोडी आहे. स्वतःच्या मनाची एवढी बारकाईने झडती घेणारा लेखक तिच्या मनापुढे आला की लेखणी आवरती घेतो. ही लबाडी नव्हे; बहुधा संकोच असेल. त्या पिढीतल्या पुरुषाला पत्नीविषयी चारचौघांत लिहिणे अवघडच वाटे. पण कारण काहीही असो, पुस्तकाच्या मध्यभागी एक रिकामी जागा राहते आणि वाचकाची नजर वारंवार तिच्याकडे जाते.

ही जागा किती मोठी आहे हे कळायला दुसरे एक मराठी पुस्तक शेजारी ठेवावे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्याही मागे पत्नी होती आणि मूल होते. टिळकांचा शोध आणि कोसंबींचा शोध एकाच दशकातला. दोघेही घरातून निघाले ते धर्मासाठी. फरक एवढाच की टिळकांच्या पत्नीने आपली बाजू लिहिली. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून क्रमाने प्रसिद्ध झाली आणि धर्मांतर हे एका माणसाच्या आत्म्यात घडत असले, तरी त्याचा धक्का स्वयंपाकघरापर्यंत कसा पोहोचतो हे मराठी वाचकाला प्रथमच कळले. लक्ष्मीबाईंनी १९०० साली स्वतः बाप्तिस्मा घेतला, तो नवऱ्यामागून फरपटत नव्हे. आपल्या पायांनी चालत, आपल्या शंका आपण सोडवीत. बाळाबाईंचे असे पुस्तक नाही. म्हणून माझे म्हणणे असे, की ‘निवेदन’ हे एका मोठ्या ग्रंथाचा पहिला खंड आहे आणि दुसरा खंड कोणी लिहिलाच नाही. समीक्षकाने त्या न लिहिलेल्या खंडाचीही नोंद घेतली पाहिजे.

येथे एक आक्षेप येईल. बुद्धाच्या वाटेने जाणाऱ्याने घर सोडले, यात नवल ते काय? स्वतः सिद्धार्थानेही तेच केले ना? या आक्षेपाचे उत्तर पोथीत शोधण्यापेक्षा आपल्या महाराष्ट्रातल्याच एका भिंतीवर शोधावे. छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादहून, जळगावच्या रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटर गेले की फर्दापूर लागते. आपल्या धर्मग्रामांच्या सहली अजिंठ्याला जातात तेव्हा त्यांच्या गाड्या फर्दापूरच्या तिठ्यावर थांबतात. तेथून पुढची चारेक किलोमीटरची वाट वाघूर नदीच्या घळीत लेण्यांपर्यंत जाते. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली आणि जगाला ती नव्याने ठाऊक झाली. आपण ती चित्रकलेसाठी पाहतो, मुलांना दाखवतो आणि परततो. ‘निवेदन’ वाचलेल्या माणसाने मात्र सतराव्या लेण्यात थोडे अधिक थांबावे.

पाचव्या शतकातल्या या विहाराच्या भिंतींवर घर आणि संन्यास यांचा वाद रंगांत मांडलेला आहे. एका बाजूला विश्वंतर जातकाची कथा आहे. दानाचे व्रत घेतलेला हा राजपुत्र शेवटी आपली दोन मुलेसुद्धा याचक ब्राह्मणाला देऊन टाकतो. दुसरीकडे गर्भगृहाच्या अंतराळात ते प्रसिद्ध चित्र आहे: ज्ञानप्राप्तीनंतर कपिलवस्तूला परतलेले बुद्ध भिक्षापात्र घेऊन उभे आहेत आणि समोर यशोधरा राहुलाला पुढे करीत आहे. चित्रकाराने बुद्धांची आकृती भव्य काढली आहे. मायलेक तिच्यापुढे अगदी लहान दिसतात. पण पाहणाऱ्याचे डोळे त्या भव्य आकृतीवरून घसरून पुन्हा त्या दोघांकडेच येतात. त्याग करणाऱ्याचे मोठेपण सांगताना ज्यांचा त्याग झाला त्यांचे चेहरे पुसून टाकू नयेत, ही जाण त्या अनामिक चित्रकाराला होती. ‘निवेदना’ला जे साधले नाही ते त्या भिंतीला साधले.

याच कथेचा पुढचा भाग पालीतील विनयपिटकात आहे, आणि कोसंबींसारख्या विनयाच्या अभ्यासकाला तो पाठच असणार. राहुल पित्याजवळ आपला वारसा मागतो आणि त्याला वारसा म्हणून प्रव्रज्या मिळते. तेव्हा वृद्ध शुद्धोदन दुःखाने बुद्धांकडे येतो. मुलगा गेला, आता नातूही गेला. हे दुःख कातडीच्या आत, हाडांपर्यंत पोहोचते, अशा आशयाचे त्याचे गाऱ्हाणे आहे. बुद्ध ते ऐकतात आणि नियम घालून देतात की यापुढे आईबापांच्या संमतीवाचून कोणाही मुलाला दीक्षा देऊ नये. एका आजोबाच्या आसवांतून संघाचा नियम जन्माला आला. धर्माने घराचे ऐकले.

आपल्या ख्रिस्तसभेनेही या प्रश्नाचा विचार केला आहे. विवाहबंधन कायम असलेल्या व्यक्तीचा संन्यस्त संघात प्रवेश आपल्या धर्मकायद्याप्रमाणे ग्राह्य धरला जात नाही. दिलेला शब्द मोडून देवाकडे जाता येत नाही, हे त्यामागचे तत्त्व. तरीही कोसंबींवर दगड उचलण्यापूर्वी आपणही आपल्या संतमालिकेकडे पाहावे. स्वित्झर्लंडचे संत निकोलस यांनी १४६७ साली पत्नी डोरोथिया आणि दहा मुले मागे ठेवून एकांतवास पत्करला. पत्नीच्या संमतीने ते गेले, असे चरित्रकार आवर्जून सांगतात. आणि ही संमतीच त्या कथेचा कणा आहे. पोप बारावे पायस यांनी त्यांना संतपद दिले ते १५ मे १९४७ रोजी. कोसंबींचे निधन त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत झाले. दोन यात्रिकांची घरे सुटली. एका घरातल्या स्त्रीचे ‘हो’ जगाला ठाऊक आहे. दुसऱ्या घरातल्या स्त्रीचे ‘हो’ किंवा ‘नाही’ आपल्याला ऐकूच येत नाही.

पण कोसंबींच्या बाबतीत एक गोष्ट न्यायाने नोंदवली पाहिजे. ते परत आले. १९०६ मध्ये चीवर उतरवून त्यांनी पुन्हा संसार पत्करला. पुढच्याच वर्षी दामोदर हा मुलगा झाला, जो पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगभर नावाजला गेला. मुलीलाही त्यांनी उच्च शिक्षण दिले. संन्यासाची कीर्ती गाणारे पुष्कळ असतात. संन्यास उतरवण्याला मात्र लोक पराभव समजतात. मला वाटते, त्यांच्या सबंध यात्रेत ब्रह्मदेशाच्या अरण्यात जाणे जेवढे कठीण होते, तेवढेच साखवाळच्या त्या दारात पुन्हा उभे राहणे कठीण होते. ‘निवेदना’त या परतीला तपश्चर्येइतके महत्त्व मिळते, तर ते पुस्तक आहे त्याहून मोठे झाले असते.

साखवाळचे नाव आले म्हणून तेथील आणखी एका यात्रिकाची आठवण आपल्याला होणे साहजिक आहे. संत जोसेफ वाझ यांचा जन्म १६५१ मध्ये बाणावलीस, आजोळी झाला. पण पितृगृह साखवाळचे. ५ ऑगस्ट १६७७ रोजी साखवाळच्या आरोग्यमातेच्या चर्चमध्ये त्यांनी स्वतःला पवित्र मरियेचे दास म्हणून लिहून दिले. १६८७ मध्ये ते भिकाऱ्याच्या वेषात सिंहलद्वीपात शिरले. कारण डच सत्तेने तेथे कॅथलिक उपासना बंद पाडली होती. कँडीच्या बौद्ध राजाने आधी हेर समजून त्यांना कैदेत टाकले आणि पुढे त्यांची ओळख पटल्यावर मोकळीक दिली. देवीच्या साथीत त्यांनी केलेली रोग्यांची शुश्रूषा त्या राज्याने पाहिली. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांनी देह ठेवला. म्हणजे एकाच गावचे दोन पुत्र सव्वादोनशे वर्षांच्या आतबाहेर एकाच बेटावर गेले. एक तेथल्या छळ झालेल्या ख्रिस्ती कळपाला संस्कार द्यायला गेला आणि बौद्ध राजाच्या आश्रयाने राहिला. दुसरा बौद्ध आचार्यांकडे शिष्य म्हणून गेला. एक द्यायला गेला, एक घ्यायला. दोघांनीही तेथली भाषा शिकली, तेथले अन्न खाल्ले आणि परक्याच्या दारी हात पसरले. यात्रिक ओळखायचा तो याच खुणेने.

साखवाळचा इतिहास सांगताना एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. त्या गावचे लक्ष्मी-नृसिंहाचे दैवत १५६७ साली पोर्तुगीज राजवटीच्या धाकाने वेलिंगला हलवावे लागले. आरोग्यमातेचे ते जुने चर्चही १८३४ मध्ये जळाले; आज त्याची दर्शनी भिंत तेवढी उभी आहे. स्थलांतर केलेला देव आणि जळालेले चर्च, दोन्ही एकाच मातीच्या आठवणी आहेत. अशा मातीत वाढलेला कोसंबींसारखा माणूस ख्रिस्ती धर्माकडे कसा पाहत असेल याचा विचार करताना ही पार्श्वभूमी विसरून चालणार नाही.

आणि आपण बौद्ध धर्माकडे कसे पाहतो? १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्तेतर धर्मांविषयीच्या घोषणापत्रात बौद्ध धर्माचा आदराने उल्लेख केला. तरीही २१ जानेवारी १९९५ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी कोलंबोत जोसेफ वाझ यांना धन्यवादित पद दिले, त्या भेटीच्या वेळी श्रीलंकेतील प्रमुख बौद्ध महास्थविर दूर राहिले. आदल्या वर्षी निघालेल्या पोप महाशयांच्या पुस्तकात बौद्ध धर्माचे वर्णन त्यांना नकारात्मक वाटले होते. वीस वर्षांनी, १४ जानेवारी २०१५ रोजी, पोप फ्रान्सिस यांनी त्याच शहरात वाझ यांना संत घोषित केले आणि त्याच दिवशी महाबोधी सभेच्या विहाराला अचानक भेट दिली. १९०२ साली कलकत्त्याहून एका कफल्लक गोवेकराला कोलंबोला पोहोचवणारी हीच ती महाबोधी सभा. दोन भेटींमधला हा फरक कशाने पडला? सिद्धान्त बदलला नाही. जाण्याची रीत बदलली. दुसऱ्याच्या धर्माविषयी बोलण्यापूर्वी त्याच्या दारी जावे, हे कोसंबींच्या पुस्तकाचे सार त्या एका भेटीत दिसले.

कोसंबींच्या उत्तरायुष्यातील ग्रंथ वाचल्याशिवाय ‘निवेदना’चा अर्थ पुरा होत नाही. ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात (१९४०–४१) त्यांनी वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही लोकप्रिय कथा बाजूला ठेवली. प्राचीन पाली सुत्तांच्या आधारे त्यांनी असे दाखवले, की शाक्य आणि कोलिय यांच्यातील कलहाचा व शस्त्रांचा उबग हे गृहत्यागाचे खरे कारण असावे. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बुद्धचरित्रातही रोहिणी नदीच्या पाण्याचा हा वाद केंद्रस्थानी आला, आणि मराठवाड्यातल्या हजारो बौद्ध कुटुंबांनी तेच चरित्र हृदयाशी धरले. फर्दापूरच्या वाटेने अजिंठ्याला जाताना आपल्या शेजारच्या आसनावर असेच एखादे कुटुंब बसलेले असते. आपण लेणी पाहायला जातो, ते वंदनेला जातात. त्यांना समजून घ्यायचे तर कोसंबींचा हा ग्रंथ चांगला वाटाड्या आहे. परळच्या गिरणगावात कामगारांसाठी कोसंबींनी उभारलेला बहुजन विहार आणि अखेरीस लिहिलेले ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हे पुस्तक, दोन्ही एकच गोष्ट सांगतात: अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह यांच्याविना समाजवाद पांगळा, आणि दरिद्र्यांच्या भाकरीची काळजी न करणारा धर्म आंधळा.

शेवटी त्यांच्या मृत्यूचा प्रश्न. शरीर रोगाने जर्जर झाले, त्याचा आता कोणाला उपयोग नाही, उलट भारच, असे ठरवून त्यांनी जैन परंपरेतील सल्लेखनेप्रमाणे अन्नत्याग करण्याचा निश्चय केला. १९४६ मध्ये आरंभलेले उपोषण गांधीजींच्या विनंतीवरून त्यांनी थांबवले. पण पुढच्या वर्षी सेवाग्रामच्या आश्रमात तेच व्रत पुन्हा घेतले, आणि जून १९४७ मध्ये त्यांचा अंत झाला. गांधीजी प्रार्थनासभेत त्यांच्याविषयी मोठ्या आदराने बोलले. येथे आपली वाट वेगळी होते आणि ते स्पष्ट म्हटले पाहिजे. जीवन ही देणगी आहे; ती परत मागण्याचा अधिकार देणाऱ्याचा, अशी आपली श्रद्धा आहे. आजारी, परावलंबी माणूस निरुपयोगी असतो हे तर आपण कदापि मान्य करू शकत नाही. अंथरुणाला खिळलेले आपले वडीलधारे हे घराचे ओझे नव्हेत. पण कोसंबींचा निर्णय निराशेतून आला नव्हता, जगावरच्या रागातून आला नव्हता, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हणावे लागेल. ज्याने आयुष्यभर एक एक वस्तू खाली ठेवली, त्याने शेवटी देहही तसाच खाली ठेवला. आपण असहमत होऊ; तुच्छ मानणार नाही.

अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात महापरिनिर्वाणाचे भव्य शिल्प आहे. कुशीवर पहुडलेले सुमारे सात मीटर लांबीचे बुद्ध, खाली शोक करणारे शिष्य आणि वर आनंदाने वाद्ये वाजवणारे देवगण. याच लेण्याच्या शिलालेखात ते खोदवणारा भिक्षू बुद्धभद्र आपल्या आईवडिलांचे पुण्यस्मरण करतो. घर सोडलेल्या भिक्षूने लेणे खोदवले आणि दगडावर आईबापांना जागा दिली! ‘निवेदना’विषयीचा माझा अभिप्राय या शिलालेखाशी ताडून पाहता येईल. हे पुस्तक प्रामाणिक आहे, धीट आहे, अनेक धर्मांतून जाताना एकाचाही अवमान न करणारे आहे. मराठीतील धर्मशोधनाच्या वाङ्मयात त्याला फार वरची जागा दिली पाहिजे. उणे आहे ते एवढेच, की घराचे जे ऋण बुद्धभद्राने पाषाणावर नोंदवले ते कोसंबींनी कागदावर पुरेसे नोंदवले नाही.

म्हणून आपल्या घरांतून हे पुस्तक वाचले जावे, पण एकट्याने नव्हे. पतीने वाचावे, पत्नीने वाचावे, पाचारणाचा विचार करणाऱ्या मुलामुलींनी वाचावे आणि त्यांच्या आईबापांनीही. शेजारी ‘स्मृतिचित्रे’ असावीत. देवाच्या शोधात निघालेल्याने मागे वळून पाहू नये, असे आपण ऐकत आलो आहोत. परंतु मागे जे उभे आहेत त्यांच्यातही देव उभा असतो, हे ज्याला उमगले त्याचीच यात्रा पुरी झाली म्हणावी.